बंद पेटीतला गुंता

पेटीच्या कुलपावरची लाख फुटलेली नव्हती. रुपयाच्या नाण्याएवढा तांबूस थापा, त्यावर अंगठ्याचा ठसा आणि ठशाच्या कडेला लाखेत अडकून मेलेली एक मुंगी. आरमोरीहून बैलबंडीने निघताना मुंगी जिथे होती, तिथेच होती. पत्रूने दोनदा पाहिले.

देवाजीने लाख फोडून झाकण उघडले. आत गिटारच्या सगळ्या वायरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या.

"पुन्हा!" देवाजी आनंदाने म्हणाला.

देवाजी पंचशील ऑर्केस्ट्राचा मालक. पण ते पोटापाण्यापुरते. स्वतःच्या मते चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातली सर्वांत तीक्ष्ण नजर त्याची होती, वाघाचा नंबर त्यानंतर. "वाघाले वास लागते," तो सांगे, "मले नुसता संशय पुरते."

गिटार वाजवणारा पत्रू त्याचा बिनपगारी सहायक. ऑर्केस्ट्रात गाणारी रुखमा ही देवाजीची बहीण, आणि तिला मागणी घालायचे पत्रू तीन वर्षे ठरवत होता. तोंड उघडले की देवाजी म्हणे, "गप! विचार चालू आहे." आता रविवारी नागपूरचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. आज बोललो नाही तर संपलेच, हे पत्रूला कळत होते.

मांडवातून नवरीचा मामा डोमा धावत आला. "देवाजीभाऊ, वरात वेशीवर आली! बाजा कवा सुरू होते?"

"गुन्हा सुटला की."

"गुन्हा? इथी लगन आहे ना भाऊ!"

देवाजीने पेटीला प्रदक्षिणा घातली. "शेजारच्या तालुक्यातली ऑर्केस्ट्रा पार्टी. माणूस आला, लाख काढली, वायरी गुंतवल्या, लाख पुन्हा लावली."

"अन् चोरलं काय?" रुखमाने विचारले.

"काईच नाई! थेच तर भयंकर आहे."

मग त्याने मांडवातून हळद मागवून झाकणावर भुरभुरली. पिवळा ठसा उमटला. देवाजीने तो आपल्या अंगठ्याशी ताडून पाहिला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. "हुबेहूब माह्या अंगठ्याची नक्कल. मोठा हुशार गडी आहे."

पुढचा संशय उंदरांवर गेला, पण उंदरांना लाख लावता येईना. तेव्हा त्याची नजर पत्रूवर स्थिरावली.

"पेटीत वायरी ठेवते कोन? पत्रू. पेटीजवळ बसते कोन? पत्रू."

"भाऊ, मी तर हरेक वायर चिंधीनं बांधून ठेवत होतो. तुम्हीच चिंध्या काढायला लावल्या."

हे खरे होते. पहिल्यांदा गुंता झाला तेव्हा देवाजीने हुकूम काढला होता: गाठ म्हणजे पुरावा. आपण एकही गाठ मारायची नाही. म्हणजे जी सापडेल ती गुन्हेगाराची. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला पुरावा भरपूर सापडत होता.

"माह्या रिबिनी पन डब्यात अशाच गुंततात," रुखमा म्हणाली. "त्यायच्या मागं कोन लागलं?"

उत्तराची वाट न पाहता तिने वायरी सोडवायला घेतल्या. सोडवून, गुंडाळून तिने त्या पेटीत ठेवल्या, झाकण लावले. "धरा दोघं. बंडी खड्ड्यातून जाते तशी हालवा."

दोघांनी पेटी हलवली. उघडली तर गुंता. तिने पुन्हा सोडवून प्रत्येक वेटोळ्याला आपली एकेक रिबीन बांधली. पुन्हा हलवली. वायरी जशाच्या तशा.

"म्हंजे गुन्हेगार..." देवाजी.

"रस्ता," रुखमा म्हणाली. "अन् तुहा हुकूम."

डोमामामाने हात जोडले. "सुटला ना गुन्हा? वाजवा आता!"

देवाजी पेटीवर बसला. हरलेला माणूस इतका ताठ बसत नाही.

"वायरीचं जमलं. पत्रूचं जमत नाई," तो म्हणाला. "पगार नाई. चहा बी घरून पिऊन येते. माह्या शिव्या खाते, तरी तीन सालापासून माह्या घराभोवती फिरून राह्यला. काऊन? याच्यात काई तरी हेतू आहे. बोल, हेतू काय?"

तीन वर्षांत देवाजीने विचारलेला हा पहिला बरोबर प्रश्न होता.

पत्रूने सवयीने मान खाली घातली. रुखमाने वायरीची पिन त्याच्या गिटारीत खोचली आणि हळूच म्हणाली, "सांग ना आता. गप म्हनायच्या आत."

"देवाजीभाऊ," पत्रू म्हणाला, "नागपूरच्या पाव्हण्यायले येऊ नोका म्हना. रुखमासंग मले लगन करायचं आहे."