मिस्टर शिफ्टला आहेत

“मिस्टर कुठे असतात?”

भाड्याचं घर बघायला गेलं की तिसरा प्रश्न हाच. पहिला ‘किती जण?’, दुसरा ‘नॉनव्हेज खाता का?’ आणि मग हा. तनुजा बिचारी खरं सांगायची, “मिस्टर नाहीत. मी आणि माझ्या दोन मुली.” की समोरच्या माणसाला अचानक आठवायचं, अरे, खोली तर कालच गेली! वाकडच्या सोसायटीतले सेक्रेटरी “कमिटीला विचारून येतो” म्हणून जे लिफ्टमध्ये शिरले ते अजून खाली आलेले नाहीत. तळेगावच्या एका काकूंनी तर चहा दिला, बिस्किटं दिली, घटस्फोटाची सगळी गोष्ट मन लावून ऐकली, मध्येच डोळेही पुसले आणि शेवटी म्हणाल्या, “आम्हाला ना, फॅमिली पाहिजे.”

“मग आपण काय आहोत? क्रिकेट टीम?” अपेक्षा जिन्यातच कडाडली.

अपेक्षा नववीत होती आणि हल्ली तिचा आवाज जरा वाढलाच होता. धाकटी तेजस्विनी, म्हणजे तेजू, पहिलीत. तिला फक्त एवढंच कळायचं की प्रत्येक घरात बिस्किटं वेगळी मिळतात.

तनुजा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. दिवसभर पार्ट तपासायचे आणि वाकडा दिसला की रिजेक्टच्या पेटीत टाकायचा. आता रोज कुणीतरी तिलाच त्या पेटीत टाकत होतं. कासारवाडीच्या सध्याच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याला खोल्या हव्या होत्या. महिनाअखेर जागा सोडायची होती आणि महिनाअखेर म्हणजे आता पुढचा आठवडाच.

मग ऋतिक सापडला. ऋतिक म्हणजे एजंट. गाडीवर कमी आणि फोनवर जास्त राहणारा.

“मॅडम, चाकण रोडला गावठाणात एक नंबर जागा आहे. वरचा मजला, दोन खोल्या, शाळा चालत. दत्तोबा म्हणून मालक आहेत. फक्त त्यांच्या आईला फॅमिलीच पाहिजे. नवरा-बायकोवाली.”

“मग मला कशाला सांगताय?”

“अहो, मिस्टर कुठंयत विचारलं तर शिफ्टला आहेत म्हणायचं. आपल्याकडं कोण शिफ्टला नसतं, मॅडम? रविवारी दुपारी या. लोकेशन टाकतो, मी तिथंच असतो.”

तनुजाला हे अजिबात पटलं नाही. पण महिनाअखेरही काही तिला विचारून येत नव्हती.

रविवारी तिघी निघाल्या. कुणाच्या दारात भुकेल्या तोंडानं जायचं नाही म्हणून वाटेत भरपेट मिसळ खाल्ली. तेजूनं तर दोन पाव जास्त खाल्ले. गावठाणात शिरल्या आणि बघतात तर काय! कमानी, पताका, पाळणे, रेवड्यांची दुकानं आणि कुस्त्यांची नावं पुकारणारा एक भलामोठा भोंगा. गावची यात्रा! तीही दुसऱ्या दिवसाची, म्हणजे मटणाची. ऋतिकनं हे सांगितलंच नव्हतं. त्याला फोन लावला तर बंद.

दत्तोबांचं घर मात्र पटकन सापडलं. अंगणात मांडव, मांडवात पंगत. तनुजा दारात बिचकून उभी राहिली, तर आतून एक म्हातारी हात पसरून धावत आली. दत्तोबांची आई, कुशाबाई.

“या या या! आवो, दारात काय हुब्या ऱ्हाता? पाय धुवा आधी!”

“नाही, आम्ही ते वरच्या—”

“वर न्हाई, हितंच बसायचं. सुमन, तीन पानं वाढ गं!”

आणि दोन मिनिटांत तिघी मांडी घालून पंगतीत! समोर रस्सा, भाकरीची चवड आणि कांदा. पोटात मिसळ. तनुजानं पुन्हा तोंड उघडलं, “मावशी, ऐका ना, आम्ही खरं म्हणजे—” पण तेवढ्यात भोंग्यावर कुणीतरी पैलवान चितपट झाला आणि तिचं खरं म्हणणं त्याच्याखालीच दबलं.

आता तुम्ही म्हणाल, घरच्यांनी साधं विचारलं का नाही की बाई, तुम्ही कोण? तर त्याला कारण होतं. यात्रेला दारात आलेल्या माणसाला ‘तुम्ही कोण’ विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. गेल्या वर्षी दत्तोबांच्या बायकोनं, सुमनताईंनी, एका पाहुण्याला चुकून तसं विचारलं होतं. तो निघाला कुशाबाईंचा सख्खा भाचा! उठला तो भरल्या पानावरून, आणि तेव्हापासून कुशाबाईंचं माहेर तुटलं ते तुटलंच. त्यामुळे यंदा दोघींनी जिभेला कुलूप लावलं होतं. सुमनताईंना वाटलं, सासूबाईंच्या माहेरचा रुसवा निघाला, ही तिकडचीच. कुशाबाईंना वाटलं, ही सुमनच्या माहेरची. आणि आपण कमी पडलो असं कुणी म्हणायला नको, म्हणून दोघी दोन्ही बाजूंनी नुसत्या वाढत सुटल्या!

“घ्या हो ताई, लाजू नका.”

“घ्या की! आमच्या हातचं ग्वाड लागंना व्हय?”

अपेक्षाचे डोळे पांढरे व्हायला आले होते. तेजूनं तर भाकरीवरच डोकं टेकलं.

एवढ्यात सुमनताईंनी विचारलंच, “पाव्हणे नाही आले ते?”

तनुजाच्या हातातला घास तसाच राहिला. तिनं अपेक्षाकडे पाहिलं. अपेक्षानं कांद्याकडे पाहिलं.

“ते... शिफ्टला आहेत.”

“कोण शिफ्टला आहे?” तेजूनं खाडकन डोकं उचललं.

अपेक्षानं तिच्या तोंडात भाकरीचा तुकडा कोंबला. पण बाण सुटला होता. पंगतीला रस्सा वाढणारे दत्तोबा बादली घेऊन तिथंच थबकले.

“यात्रेच्या दिवशी शिफ्ट? कोणत्या खात्यात हायत?”

“क्वालिटीला,” तनुजा म्हणाली. दुसरं खातं तिला येतच नव्हतं.

“रविवारचं बी?”

“डिस्पॅच अडकला की जावं लागतं. नाही म्हणता येत नाही.”

“आन घरचं?”

“घरचंही बघतात. सकाळी पोरींचे डबे करतात, वेण्या घालतात, मग कंपनीची बस पकडतात. आल्यावर अभ्यास घेतात.”

वेण्या? नवरा? पंगतीतल्या बायका भाकरी मोडायची विसरल्या आणि वळून आपापल्या नवऱ्यांकडे बघायला लागल्या. नवरे पितळीतल्या रश्शात बघायला लागले.

“देवमानूस हाय गं तुजा दादला,” कुशाबाई भारावून म्हणाल्या. “आन त्यो तिकडं उपाशी? सुमन, डबा भर! मोठा चार खणांचा घे!”

डबा आला. मटण, रस्सा, भात, भाकऱ्या. जो नवरा मुळात नाहीच, त्याच्यासाठी चार खण! त्यात कुशाबाईंनी हळदकुंकू आणलं आणि नारळ, तांदूळ, हिरवी साडी घालून तिची ओटी भरली. सुमनताईंनी चढाओढीनं दोन्ही मुलींना फ्रॉकचं कापड दिलं.

“आई, आपण पळू या,” अपेक्षा कुजबुजली. “आता हे आपल्याला जमीनसुद्धा देतील.”

पण पळायचं कसं? कुशाबाईंनी तनुजाचा हात घट्ट धरून तिला ओसरीवर बसवलं.

“आता आलीच हायस तर आमचा एक निवाडा कर, पोरी. वरल्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. ही सुमन म्हनती, कंपनीची पोरं ठेवू. मी म्हनते, फॅमिली पायजे. तूच सांग हिला.” सुमनच्या माहेरची बाई बोलली तर सुमन ऐकेल, असा त्यांचा हिशेब.

“हो, ताई, तुम्हीच सांगा!” सुमनताई उत्साहानं पुढे सरकल्या. सासूबाईंच्या माहेरची बाई बोलली तर सासूबाई ऐकतील, असा त्यांचा. “पोरं ठेवली तर काय बिघडतं? फॅमिली-फॅमिली करत दिवाळीपासून जागा बंद आहे.”

“तुमी सांगाल त्यो शब्द आखरीचा,” दत्तोबा बादली खाली ठेवून म्हणाले. घरात सासू-सुनेचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं, त्यामुळे ते जरा गहिवरलेच होते.

सगळं घर तनुजाच्या तोंडाकडे बघायला लागलं. मांडीवर दुसऱ्याची साडी, शेजारी नसलेल्या नवऱ्याचा डबा, आणि समोर तेच घर, ज्याच्यासाठी तिघी महिनाभर वणवण फिरत होत्या. नुसतं ‘फॅमिलीच ठेवा, आमचीच ठेवा’ म्हटलं असतं, तरी खोल्या मिळाल्या असत्या. शिफ्टवाल्या मिस्टरांसकट!

तनुजानं डबा उचलला आणि कुशाबाईंच्या पुढ्यात ठेवला.

“मावशी, खोल्या मला द्या.”

“आँ?”

“मी तुमची कुणी पाहुणी नाही. सुमनताईंचीही नाही. मी वरच्या खोल्या बघायला आले होते. एजंटनं पाठवलं होतं. मगाचपासून सांगायचा प्रयत्न करतेय, पण तोंडात घास.”

भोंगासुद्धा त्याच क्षणी बंद पडला. हे भोंग्यांचं कायमचं आहे, नको तेव्हा गप्प बसतात.

“म्हंजी तू सुमनच्या म्हायेरची न्हाईस?”

“म्हणजे तुम्ही सासूबाईंच्या माहेरच्या नाही?”

सासू-सून एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सुमनताईंना भलतीच शंका आली. त्यांनी मांडवाच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

“मग तो मगापासून तिसऱ्यांदा रस्सा मागणारा, काळ्या चष्म्याचा, तो कुणाचा?”

“मला वाटलं तुजा,” कुशाबाई म्हणाल्या.

काळा चष्मा वर झाला. ऋतिक! दत्तोबांशीही त्याची ओळख फक्त फोनवरचीच. “मॅडम, आलात होय?” बोटं चाटतच तो उठला. “सॉरी, फोनची बॅटरी गेली. तुमची वाट बघता बघता जरा बसलो. सांगितलंत ना, मिस्टर शिफ्टला आहेत म्हणून?”

अपेक्षानं कपाळावर हात मारून घेतला.

कुशाबाई सावकाश तनुजाकडे वळल्या. “म्हंजी त्ये बी खोटं? मग शिफ्टला कोन जातं?”

“हीच जाते,” आईच्या आधी अपेक्षाच बोलली. “क्वालिटीला हीच आहे. रविवारीही हीच जाते. डबे, वेण्या, अभ्यास, सगळं हीच. बाबा नाहीत आमच्याकडे. आजी, फक्त नवरा आहे एवढंच खोटं होतं, बाकी सगळं खरं आहे.”

तनुजानं ओटीची साडी घडी करून डब्यावर ठेवली, तेजूचा हात धरला आणि चपला शोधायला लागली. यात्रेत तीनशे चपलांतून आपल्या शोधणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. तिला एकच सापडली.

“थांब.” कुशाबाई उठल्या. “भरली वटी आमी म्हागारी घेत न्हाई. आन मी फॅमिली कशापायी मागत हुते? घरात कामाचं, वेळंवर येनारं-जानारं मानूस आसावं म्हनून. मगाशी ज्याला देवमानूस म्हनले, त्यो हितं माझ्या म्होरं हुबा हाय, आन मी त्याला जाऊ द्यू व्हय?” त्या सुनेकडे वळल्या. “काय गं? तुजी पोरं का माझी फॅमिली?”

“पोरीच आहेत की दोन,” सुमनताई म्हणाल्या. “माझंही झालं, तुमचंही झालं.”

“मग माझी ब्रोकरेज?” ऋतिकनं हळूच विचारलं.

“तीन येळा रस्सा घेतलास न्हवं?” कुशाबाई म्हणाल्या. “तीच.”

तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि दुसरी चप्पलही अजून सापडत नव्हती. कुशाबाईंनी तो चार खणांचा डबा उचलून पुन्हा तिच्या हातात दिला.

“अहो मावशी, हा कशाला? मिस्टर...”

“शिफ्टला तूच जातीस ना? मग डबा तुजाच,” त्या म्हणाल्या. “खा, आन घासून आन. लय लांब न्हाई यायचं तुला. जिना उतरला की झालं.”