सरांच्या डोक्यातली कवायत

इंगोले सर बाजाराच्या रस्त्यावर मध्येच थांबून स्वतःच्या उजव्या हाताला दरडावत, "सावधान!" हात ऐकत नसे, थरथरतच राही. मग डाव्या हातानं त्याला धरून ते खिशात कोंबत.

महागावच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं कवायत घेतली. "एकसाथ!" हा त्यांचा धर्म. कापसाचे हाल पाहायला त्या वर्षांत सरकारी पाहुण्यांच्या गाड्या सारख्या येत आणि स्वागताला सरांची पोरं रांगेत उभी असत. "लाइन पाह्यली न् साहेब खूश झाले," सर सांगत. रांगेत तर कपाशीही उभी होती. तिच्यापाशी साहेब फार थांबले नाहीत.

सर माझे शेजारी. हाताचं दुखणं त्यांनी चालवून घेतलं असतं. पण त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, साखरेचा आजार, आणि रोज सकाळचं इंजेक्शन सरच देत. दुसऱ्या कुणाच्या हातात सुई दिसली की काकूंना घाम फुटे. सरांचा हात बिघडल्यावर हे काम माझ्या बायकोकडे आलं. ती सुई भरू लागली की सर अंगणात निघून जात.

नागपूरच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेलो होतो. ते म्हणाले, "मेंदूतल्या पेशींनी आपापल्या वेळी काम करायचं असतं. तुमच्या काही पेशी सगळ्या मिळून एकाच ठेक्यात चालायला लागल्यात. म्हणून हात थरथरतो. आत बारीक तार घालून विजेनं तो ठेका मोडता येतो."

सर खुर्चीतून उठलेच. "म्हंजे शिस्त हा आजार हाय?"

"मेंदूत, हो."

"अन् तुमी करंट देऊन बेशिस्त लावून राह्यले!"

परतीच्या एसटीनं यवतमाळ गाठलं. तेव्हा सर हळूच म्हणाले, "इंजेक्शन देता येईन का, हे इचारायचंच राह्यलं."

"मी विचारलं. बहुतेक येईल म्हणाले."

"मंग मोडू द्या लाइन."

ऑपरेशन मुंबईत झालं, तेही सर जागे असताना. करंट वाढवता वाढवता हात थांबला, तेव्हा सरांनी "विश्राम!" अशी आरोळी ठोकली आणि भुलीचे डॉक्टर पाय फाकवून उभे राहिले म्हणे. मी यातलं निम्मं मानतो.

परतल्यावर एका सकाळी सरांनी मला बोलावलं. छातीत कातडीखाली त्या तारेची बॅटरी, हात एकदम स्थिर. सुई त्यांनी झोकात भरली. काकूंनी बाही वर केली, आणि सरांचा हात कापू लागला.

"भाऊ, मशीन बंद पडलं काय, पाहा बरं!"

मी मशीन तपासायचा रिमोट त्यांच्या छातीवर धरला. हिरवा दिवा लागला.

"चालू आहे, सर."

सर माझ्याकडे बघेनात. "दोन वर्षं झाले, सुई धरली नाही. तिले लागलं तं?"

काकू बाही तशीच वर धरून बसल्या होत्या. "होऊ द्या सावकाश," त्या म्हणाल्या. "मले काई कोठं जायचं नाही."