इंगळे काका कॉटेजवर जातात

आमच्या शेजारचे इंगळे काका नळाचं ऐकतात. म्हणजे अक्षरशः कान लावून ऐकतात. अंगणातल्या तोटीशी उकिडवं बसायचं, एक हात गुडघ्यावर, दुसरा 'कोणी बोलू नका' असा वर. आधी पाइपात हवा फुसफुसते, मग खोकल्यासारखा आवाज येतो आणि मग काका ओरडतात, "मॅडम, येऊन राह्यला!" की सगळी गल्ली हंडे-बादल्या घेऊन सुटते. मेहकरात आमच्या भागाला आठवड्या-दहा दिवसांनी कधीतरी नळ येतो. कधी, ते सोडणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. काकांना सांगता येतं.

यातली मॅडम म्हणजे मी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि शिकवून उरलेल्या वेळात सर्वेक्षणं करते, माहित्या भरते, मीटिंगांना जाते. घरी येते तेव्हा माझ्यात भांडायचंसुद्धा त्राण नसतं. आणि नेमकी तेव्हाच भिंतीपलीकडून हाक येते, "मॅडम, तुमच्या मोरीतला नळ टपकून राह्यला!" मला माझ्याच घरात ऐकू न येणारा थेंब या माणसाला भिंतीपलीकडून ऐकू येतो. बरं, मी उठले नाही तर ते स्वतः येतात, नळ घट्ट पिळतात, आणि मग तो नळ उघडायला मला नवऱ्याला बोलवावं लागतं.

काका कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त झाले, पण बोलण्यातून कोर्ट गेलं नाही. घरात काहीही ठरलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, "पाहू, पुढची तारीख घेऊ." सुमनकाकूंची माहेरची लग्नं, बारशी, एकदा तर शिर्डीची अख्खी सहल, सगळं तारखांवर तारखा पडून निकाली निघालं. कारण एकच. "आपन गेलो अन् नळ आला तं?" एका भाच्याच्या लग्नात काका अक्षता टाकून पंगतीला न बसता परतले होते आणि काकूंनाही सोबत घेऊन आले होते. त्या दिवशी नळ आला नाही तो नाहीच.

त्यांच्याकडे गेलं की पाणी अर्धा ग्लास मिळतं. "आधी हे प्या, लागलं तं अजून देतो." भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी कढीपत्त्याला. आणि त्यांच्यासमोर एक ठरावीक शब्द काढायचा नाही. एकदा माझा नवरा सहज म्हणाला, "काका, यंदा धरणात पाणी भरपूर आहे म्हणे." काका असे काही वळले की बिचाऱ्याच्या हातातला चहा हिंदकळला. "भरपूर? पान्याले भरपूर म्हनत नसतात, सर. तोंडातून काढायच्या आधी इच्यार करावा माणसानं." आम्ही दोघं घरी येऊन खूप हसलो. म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं पाण्यानं गेलं.

तर यंदा मे महिन्यात त्यांच्या मुलीनं, सोनलनं, पुण्याहून एक उद्योग केला. लोणारच्या अलीकडे कुणीतरी शेतात पर्यटकांसाठी कॉटेज बांधली आहे, ती तिनं आईबाबांसाठी एका दिवसाकरता घेऊन टाकली आणि फोन मला केला. "ताई, आई कधीची म्हणते आहे, एक दिवस असा पाहिजे की पाण्याचं नाव घ्यायचं नाही. दोन खोल्या आहेत, तुम्ही पण जा. तुम्ही सोबत असलात की बाबा ऐकतील." बाबा माझं कधीच ऐकत नाहीत. पण दोन खोल्या, झाडं, कुणीतरी केलेला आयता स्वयंपाक हे ऐकून मला आधीच झोप यायला लागली. मी हो म्हटलं.

काकांनी बातमी ऐकली, डोळे मिटून काहीतरी जुळवलं आणि निकाल दिला, "नाई जमत. त्याच दिवशी नळ हाये. पुढची तारीख घ्या."

काकू तांदूळ निवडत होत्या. ताट खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मंग तुमी नळ पाहा. मी जाते मॅडमसंगं."

इतक्या वर्षांत काकूंच्या तोंडून मी असं वाक्य ऐकलं नव्हतं. काकांनीही नसावं. ते तोटीकडे बघत राहिले, काकूंकडे बघत राहिले, आणि संध्याकाळी माझ्या नवऱ्याला बोलावून त्यांनी चार्ज दिला. कोणता हंडा आधी, कोणती टाकी मागून, फडकं कोणतं बांधायचं, पहिली बादली गढूळ म्हणून ओतून द्यायची नाही, संडासाला ठेवायची. नवरा मान डोलवत होता. मला एक दिवस सुट्टीवर पाठवायला तो याहून मोठी कामं आनंदानं करील.

निघताना काकांच्या दोन्ही हातांत पाण्याच्या कॅन.

"काका, हे कशाला?"

"तिथं नसलं तं?"

"अहो, लोक तिथं पैसे देऊन राहतात. पाणी नसेल का?"

"मॅडम, बाकी मागून. पानी आधी."

एस.टी.त कंडक्टरशी कॅनवरून वाद झाला. काका कोर्टाच्या भाषेत भांडले, कंडक्टर साध्या भाषेत. मी खिडकीबाहेर बघत, हे लोक माझे कुणी नाहीत असा चेहरा करून बसले.

कॉटेज मात्र छान होती. पुढे व्हरांडा, कडुनिंबाची सावली, वेताच्या खुर्च्या. मागे बाथरूमच्या स्लॅबवर काळी टाकी आणि तिथवर जायला लोखंडी शिडी. तिथलं सगळं बघणारा शंकर नावाचा पोक्त माणूस पुढे आला, आणि त्यानं नेमकं तेच केलं. "या साहेब, आरामात राहा. पानी भरपूर हाये."

मी कपाळाला हात लावला. काकांनी त्याला 'भरपूर' या शब्दावरून ऐकवलं, मग सगळे नळ सोडून पाहिले, आणि मग भांडी मागितली. हो, भांडी. बादल्या, टब, स्वयंपाकघरातली पातेली, जग, चहाची किटली, एक फुलदाणी. फुलं काढून. सगळ्यांत पाणी भरून व्हरांड्याच्या कडेनं मांडणी केली. मी खुर्चीत अंग टाकलं होतं, तर मला उठवून माझ्या हातात पातेलं. "मॅडम, एवढं धरा बरं." सुट्टी म्हणून वीस किलोमीटरवरून यायचं आणि पुन्हा पाणीच भरायचं! मला रडू येईल असं वाटलं. खरंच सांगते, राग नव्हता, फक्त शीण आला होता.

काकू हसत होत्या. म्हणाल्या, "राहू द्या व माय. त्याहिले त्याशिवाय जेवन जात नाही."

जेवणं झाली. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि मी काहीही न करता. मग काकू बाथरूममध्ये गेल्या आणि लगेच बाहेर डोकावल्या. "मॅडम, हा वरून पडते तो कसा लावतात?" मी शॉवर लावून दिला. त्यांनी हात पुढे केला, पाण्याची धार तळव्यावर घेतली, आणि मला जवळजवळ ढकलूनच दार लावलं.

आत शॉवर सुरू झाला. बाहेर मी आणि काका. मी मनात म्हटलं, आता होणार. मोरीतला थेंब भिंतीपलीकडून ऐकणारा माणूस, आणि इथे तर धबधबा. शॉवर चालूच. आतून काकूंचं गुणगुणणं यायला लागलं. काकांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती. पण तोंडातून शब्द नाही.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा बंद पडला. शंकर मागून धावत आला. "साहेब, लाईन गेली. मोटर सुरू होत नाही, अन् टाकी बुडाले आली. मावशीले सांगा आवरायले."

मी उठले. काकांनी माझा हात धरला. कधी धरला नव्हता.

"तिले नका सांगू."

आणि त्या माणसानं धोतराचा काचा खोचला, टब उचलला आणि शिडी चढायला लागला. गुडघे दुखतात म्हणून घरी अंगणाची पायरी जपून उतरणारा माणूस. वरून धापा टाकत म्हणाला, "मॅडम, पाह्यता काय? द्या न वर!"

मग शंकरनं खालून द्यायचं, मी मधल्या पायरीवरून पुढे करायचं, काकांनी टाकीत ओतायचं. बादल्या, पातेली, जग, किटली. माझा फोन वाजला, नवऱ्याचा होता. मी ओरडले, "काका, घरी नळ आला असेल!"

"येऊ द्या," काका म्हणाले. "ते पातेलं आना."

एस.टी.तून आणलेल्या कॅनसुद्धा रिकाम्या झाल्या. काका शिडीच्या वरच्या पायरीवर बसले, सदरा भिजून अंगाला चिकटलेला. आत गुणगुणणं चालूच होतं. मी म्हटलं, "काका, हे काय चालवलंय?"

काकांनी कपाळावरचं पाणी पुसलं. मग टाकीवर हात ठेवून म्हणाले, "नदीकाठची पोरगी हाये ते. पूर्णेच्या पान्यात पोहून वाढलेली. मी पाह्याले गेलो तं तिच्या बापानं ना पगार इच्यारला, ना घर. एकच इच्यारलं, जावईबापू, तुमच्या गावात पान्याचं कसं? मले पोरगी पसंत पडली होती, मॅडम. मी म्हटलं, भरपूर हाये."

मी रिकामं पातेलं घेऊन मधल्या पायरीवरच टेकले. 

"म्हातारा गेला बिचारा. तिनं मात्र कधी तोंडातून काढलं नाही. एका बादलीत अंघोळ करत राह्यली, पन कधी म्हटलं नाही, काऊन खोटं बोलले म्हनून. मी तिले हंडा उचलू देल्ला नाही, एवढंच झालं माह्याच्यानं."

आणि खरंच, इतकी वर्षं शेजारी राहून काकूंच्या कमरेवर कधी हंडा पाहिल्याचं मला आठवेना. आम्ही ज्याला म्हाताऱ्याचं डोकं गेलं म्हणून हसत होतो, ते हे होतं.

शॉवर बंद झाला. काका घाईनं शिडी उतरले, खुर्चीत बसले आणि ओल्या सदऱ्यावर टॉवेल ओढून घेतला. शंकरला डोळ्यांनी दटावलं. व्हरांड्याच्या कडेला रिकामी भांडी उपडी पडली होती. फुलदाणी मी पायानं खुर्चीमागे सरकवली.

काकू बाहेर आल्या. केस मोकळे, पाठीवर थेंब निथळणारे. चेहरा असा की मी त्यांना ओळखलं नसतं. वयानं कितीतरी लहान दिसत होत्या. त्या काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "काहो, संपलंच नाही! किती पानी हाये इथं!"

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हाव," ते म्हणाले. "भरपूर हाये."