करंजी घाटातलं पाणी

उन्हाळ्यात दुपारी बारानंतर आमच्या इमारतीचा जिना एका दमात चढायला मनाई होती. ही मनाई साळवेकाकांची. तळमजल्यावर आपल्या दारात ते खुर्ची टाकून बसत. पायाशी ओल्या गोणपाटात शिवलेला पाच लिटरचा पाण्याचा कॅन. कुणी पिशवी घेऊन आलं की मनगट धरत, डोळे मिटत आणि निकाल देत, "टॅपेट वाजतंय. दोन मिनिटं न्यूट्रल."

काका तीस वर्षं नगर-पाथर्डी रस्त्यावर एसटीची लाल गाडी चालवत होते. निवृत्त झाले तरी त्यांच्या लेखी माणूस म्हणजे इंजिन, रक्त म्हणजे ऑइल, नाडीचे ठोके म्हणजे टॅपेट आणि छाती म्हणजे रेडिएटर.

"काका, माझा हॉर्नपण तपासा की!" वरच्या शिंदेकाकू म्हणत.

"तो झकास हाय. रोज सकाळी ऐकतो."

मी इंग्रजी शाळेत जायचे, म्हणून मला ते 'कॉन्व्हेंट' म्हणत. मी आपणहून मनगट पुढे करायचे, म्हणजे बोलावं लागत नसे.

जगाचं तापमान वाढतंय, असं मी त्या वर्षांत इंग्रजी पेपरात वाचलं होतं. काकांनी ते घाटात मोजलं होतं. "नवा हुतो तवा करंजी घाटात गाडी यकदा पाणी प्यायची. रिटायर व्हताना दोनदा. त्येबी मार्चात."

"गाड्या जुन्या झाल्या असतील," पप्पा म्हणाले.

"गाड्या तीनदा नव्या आल्या, साहेब. घाट त्योच हाय. आन् तुमचं काळीजबी जुनंच मॉडेल."

पप्पांना बीपी होता. अंगातलं पाणी कमी करणारी एक गोळी ते रोज घेत. मार्चमध्ये काकांनी मला जिन्यात थांबवलं. या वेळी मनगट धरलं नाही. "कॉन्व्हेंट, पप्पाला म्हणावं, डॉक्टरला इचार. यकीकडून ऊन पाणी वढतंय, दुसरीकडून गोळी. रेडिएटर कोरडा पडंल."

मी "हो" म्हणाले आणि घरी काहीच सांगितलं नाही. पप्पांना आजाराचं बोलणं आवडत नसे, आणि कुणालाही काही सांगायचं म्हटलं की मी टाळायचे. रोज उद्यावर ढकललं. खाली काका विचारत, "सांगितलं का?" मी मान हलवायची. ती हो होती की नाही, हे माझं मलाच कळू देत नव्हते.

एप्रिलात जयंतीची मिरवणूक भर दुपारी निघाली. पप्पा निळा फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे. मी त्यांच्या मानेवरच्या घामाकडे बघत मागे. माझ्या शेजारी काका, हातात कॅन.

"काका, मिरवणूक घाटात न्यायची का?" पोरं हसत होती. "घोटभर द्या की!"

"राखीव हाय."

त्या कॅनमधलं पाणी त्यांनी कधीच कुणाला दिलेलं नव्हतं.

चौकात आधी फेटा पडला, मग पप्पा. ओठ पांढरे, हात गार. काकांनी त्यांना पानटपरीच्या सावलीत ओढलं, त्यांचे पाय माझ्या मांडीवर ठेवले, मानेवर पाणी ओतलं. डोळे उघडल्यावर घोट घोट पाजलं. शिंदेकाकू रिक्षा आणायला धावल्या.

तेवढ्यात रथ ओढणारा ट्रॅक्टर वाफ सोडत बंद पडला. त्याचा ड्रायव्हर पळत आला. "काका, ऱ्हायलंय तेवढं द्या! इंजिन जाईल!"

काकांनी कॅन पोटाशी धरला. "जाऊ दे."

"आवो, मिरवणूक थांबलीय!"

"थांबू दे."

तो चरफडत गेला. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "यकदा करंजी घाटात गाडी तापली हुती. सगळा कॅन मी रेडिएटरला दिला. माझी बायको सखू तिसऱ्या सीटवर हुती. छातीत कळ येती, पाणी दे म्हनली. म्हनलं, दम धर, गाडी सुरू करतो." त्यांनी झाकण घट्ट फिरवलं. "गाडी झाली सुरू."

दवाखान्यात सलाईन लावल्यावर डॉक्टर म्हणाले, "उन्हात हृदयाला तसंही जास्त काम पडतं. त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं. या गोळीबद्दल उन्हाळ्याआधी विचारायला यायचं होतं."

"मला कुणी सांगितलं नाही," पप्पा पुटपुटले.

"मला सांगितलं होतं," मी म्हणाले. "काकांनी. महिन्यापूर्वी. मी तुम्हाला सांगितलं नाही."

पप्पांनी मान उचलून दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "काका कुठं आहेत?"

काका बाहेर बाकावर बसले होते, कॅन मांडीवर, ओठ सुकलेले. दुपारपासून त्यांनी स्वतः पाणी घेतलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसले आणि त्यांचं मनगट धरलं. नाडी फार जोरात धावत होती.

"टॅपेट वाजतंय, काका."

मी कॅन उचलला, तळाचं उरलेलं पाणी झाकणात ओतलं आणि पुढे केलं.

"राखीव हाय त्ये," ते म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हणाले. हात मागे घेतला नाही.