गीथेला कुणी काही विचारू नये

आमच्या तॉलमोक गावच्या प्राथमिक शाळेत मुलांपेक्षा शिक्षक जास्त झाले, तेव्हा जिल्हा कार्यालयाने शाळा बंद करण्याचा निर्णय पुढे ढकलला आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी प्यो गीथे व त्याची बायको उन्सॉल यांच्यावर सोपवली. मूल होण्याच्या वयाचं जोडपं गावात तेवढंच होतं. राजधानी सोल सोडून दोघं इथे स्ट्रॉबेरी पिकवायला आली होती. त्यांचं निळ्या छपराचं घर माझ्या घराला लागून.

मूल होत नव्हतं, त्याचं कारण साधं होतं. गीथेला इच्छा होती, ताकद होती, पण शेवट येत नव्हता. वीर्यस्खलनाला फार उशीर लागायचा, बहुतेकदा ते व्हायचंच नाही. मग दोघं दमून एकमेकांकडे पाठ करून झोपायची. उन्सॉलने त्याचा अर्थ स्वतःपुरता लावला होता. नवऱ्याला आपण नकोशा झालो आहोत. हे सगळं मला गीथेने सांगितलं, कारण माझी बायको गेल्यापासून माझ्या घरात ऐकलेलं बाहेर नेणारं कुणी उरलं नव्हतं.

मी त्याला आरोग्य केंद्रात धाडला. तिथला ह्वांगबो डॉक्टर सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीऐवजी खेड्यात आलेला, वयाने लहान, पण त्याने नीट विचारपूस केली. एकटा असताना होतं का? कधीकधी होतं. काही औषधं चालू आहेत? गीथे सोलपासून उदासीवरच्या गोळ्या घेत होता. डॉक्टर म्हणाला, या गोळ्यांनी असं होऊ शकतं, आणि काळजी केली की आणखी वाढतं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांच्याशी बोलून मी प्रमाण बदलतो किंवा दुसऱ्या देतो. वेळ लागेल. काही दिवस मूल विसरा, घड्याळ विसरा, नुसते जवळ राहा. आणि आधी बायकोला सांगा.

गीथेने सगळं ऐकलं, शेवटचं सोडून. उन्सॉलला त्याने त्या गोळ्या जीवनसत्त्वाच्या म्हणून सांगितल्या होत्या.

केंद्रातून अशा प्रकरणांची माहिती जिल्ह्याच्या लोकसंख्यावाढ कक्षाला जाते. गोपनीयता काटेकोर पाळली जाते. नाव कळवलं नाही, फक्त गाव आणि वय कळवलं. कक्षाच्या योमबाईंनी सरपंच थाक मनसूंना फोन करून विचारलं, की आपल्या गावातल्या एका अनाम चाळिशीतल्या पुरुषाचं काम कुठे अडलं आहे, आणि ते केव्हा मार्गी लागेल.

सरपंच रोज सकाळी गावच्या भोंग्यावरून बोलतात. खताची गाडी, लसीकरण, हरवलेला कुत्रा. त्या दिवशी त्यांनी सांगितलं, की आपल्यातल्या एका बांधवाला खाजगी अडचण आहे, नाव घेणं बरं नव्हे, तरी निळ्या छपराच्या घरासमोरून जाताना सर्वांनी समजूतदारपणे वागावं.

दुपारी निळ्या छपराच्या घरासमोर सगळं गाव समजूतदारपणे उभं होतं. कुणी ईल मासे आणले, कुणी काळ्या बोकडाचा काढा. अशक्तपणा असणार, असं सर्वानुमते ठरलं. नेमका त्रास काय तो कळल्यावर मात्र समाजमंदिरातल्या म्हाताऱ्यांचा सूर बदलला.

"हे दुखणं मिळतं कुठे रे?" सरपंच म्हणाले. "आमच्या बैलाने खांद्यावर जू घेतलं की नांगरणी संपते. आणि हा गडी संपत नाही म्हणून रडतो. गोळ्यांचं नाव काय?"

पुढच्या आठवड्यात गावातले सगळे म्हातारे एकदम उदास झाले. आरोग्य केंद्राबाहेर रांग लागली. योमबाईंनी गावात मनोविकाराची साथ असल्याची नोंद केली आणि सामूहिक गायनाचा वर्ग सुरू केला. मी खरोखरच उदास होतो. मला रांगेत जागा मिळाली नाही.

आमच्याकडे कुणाचा मुलगा परीक्षा पास झाला, कुणाला बढती मिळाली, की गावाच्या तोंडाशी कापडी फलक लागतो. गीथेलाही लागला. "प्यो गीथे, जोर लाव! सारं गाव तुझ्या पाठीशी आहे." आता माणसाला कुठे कुठे गाव पाठीशी हवं असतं, याचा विचार फलकसमितीने केला नव्हता. जोर लावणं हाच त्याचा आजार आहे, असं डॉक्टर सांगत फिरला. समितीने ते मनावर घेतलं आणि जोर हा शब्द लाल रंगात रंगवला.

बायकांनी उन्सॉलला धरलं. केस कुरळे कर, लाल अंतर्वस्त्रं घे, थोडी हस. सरपंचीणबाई मायेने म्हणाल्या, "सूनबाई, पुरुषाचं मन घरात नसलं की असं होतं."

त्यानंतर तिने बॅग भरली. गीथे माझ्याकडे आला. उन्सॉल बसथांब्यावर गेली होती, फोन उचलत नव्हती, आणि थांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याला हिंमत द्यायला निम्मं गाव उभं होतं.

मी म्हणालो, "थांब्यावर भोंगा ऐकू जातो."

तो समाजमंदिरात गेला. त्याला माईक देताना सरपंचांना वाटलं, आनंदाची बातमी असणार.

"उन्सॉल," भोंग्यातून आवाज आला, "मी गीथे. त्या गोळ्या जीवनसत्त्वाच्या नाहीत. उदासीच्या आहेत. सोलमध्ये मला सकाळी उठवत नव्हतं, म्हणून सुरू केल्या. त्यांनी असं होतं, डॉक्टर म्हणाला. तुझ्यामुळे नाही. तू हवीस म्हणून तर लपवलं. शाळा राहू दे. तू थांब."

मग म्हणाला, "आणि गावकऱ्यांनो, कृपा करून आम्हाला आता कुणी काही विचारू नका."

बस आली आणि गेली. उन्सॉल बॅग ओढत उलट चालत आली. गावाने टाळ्या वाजवल्या.

सरपंचांना फार वाईट वाटलं. माणूस चांगला आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जुन्या फलकाशेजारी नवा लावला, दुप्पट मोठा: "प्यो गीथेला कुणी काही विचारू नये. समस्त ग्रामस्थ." हमरस्त्यावरची माणसं गाड्या थांबवून का म्हणून विचारू लागली. योमबाईंनी न विचारण्याच्या मोहिमेच्या पाहणीसाठी एक माणूस नेमला. तो घरोघर फिरून विचारतो, की तुम्ही गीथेला काही विचारलंत का. सुरुवात त्याने गीथेपासून केली.

शेवटी मी दोन्ही फलक काढून आणले. माझी बायको असल्या कापडांवर मिरच्या वाळवायची. कापड चांगलं असतं, लिहिलेली बाजू तेवढी खाली करायची, म्हणायची. ती असती तर पहिला फलक एक दुपारसुद्धा टिकला नसता. मीही तशाच मिरच्या अंथरल्या आहेत.

संध्याकाळी शेजारच्या ओट्यावर दोघं बसतात. एकमेकांशी बोलतात. कधी हसण्याचा आवाज येतो. मी तिकडे बघत नाही.

लोक मात्र माझ्याकडे येतात. मिरच्यांचं कौतुक करतात, हवापाण्याचं बोलतात आणि निघताना आवाज खाली आणून विचारतात, "काय काका, झालं का?"

तुम्हीही इथवर त्याचसाठी आलात. आलाच आहात, तर जरा मिरच्या उलटा.