जीपला गोधडी शिवणारी बाई

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून जीपला गोधडी घातली. ती त्या बाजूनं, मी ह्या बाजूनं. बॉनेटच्या मापानं शिवलेली गोधडी, चारी कोपऱ्यांना बंद. बंद कुणी बांधायचे ह्यावरून भांडण झालंच. "तुमची गाठ म्हंजी शेळी बांधायची गाठ. वारं आलं की सुटती," असं म्हणून तिनं माझी गाठ सोडली आन् आपली मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला बसलो होतो. ती म्हणाली, "छातीत कळ यायलीय, जरा बसते." बसली ती बसलीच.

ती म्हणजे माझी बायको, कौसाबाई. जीप चालवायचो मी, पण चारठाण्यात जीपवाली म्हणायचे तिला. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, मला लिहायची सवय न्हाई. पण लोक तिच्या नकला करतात, त्यात निम्म्या खोट्या. म्हणून खरं काय ते मी लिहितो. हसू आलं तर हसा. तिच्यासमोर हसायची कुणाची छाती नव्हती, आता हसा.

आमच्या परभणीची थंडी बाहेरच्याला खोटी वाटते. उन्हाळ्यात डोकं तापवणारा हा मुलूख, इथं कसली थंडी, असं म्हणतात. पौषात येऊन बघा म्हणावं. सकाळी धुई, म्हणजे धुकं, असं पडतं की आपलाच हात आपल्याला पाहुणा वाटतो. लिलावातली जुनी जीप घेतली त्या पहिल्याच हिवाळ्यात धुईत रस्ता दिसला न्हाई आन् मी सवाऱ्यांसकट नाल्यात गेलो. कुणी मेलं न्हाई. माझा गुडघा तेवढा फुटला. दवाखान्यातून घरी आलो तर कौसाबाई माझ्या गुडघ्याकडं बघेना. जीपभोवती एक फेरी मारली आन् म्हणाली, "आजपासून हिच्या थंडीचं मी बघणार."

मी म्हटलं, "तुला गाडीतलं काय कळतंय?"

"थंडी काय तुमाला इचारून पडती का?"

हा तिचा ठरलेला जवाब. तलाठ्याला, सावकाराला, सासूला, सगळ्यांना हाच.

दिवाळी सरली की तिची तयारी सुरू. आधी गोधडी. शेजारणी म्हणायच्या, "सवतीला गोधडी शिवणारी बाई जगात एकच." मग दिव्यांना हळदीत बुडवलेलं पातळ फडकं. पांढरा उजेड धुईत भिंतीसारखा उभा राहतो, पिवळा आत शिरतो, असं तिला कुण्या ट्रकवाल्यानं सांगितलं होतं. फाट्यावरचे टवाळ म्हणायचे, "काकू, जीपला हळद लागली, नवरदेव कुठाय?" ती म्हणायची, "स्टेरिंगवर बसलाय, दिसत न्हाई का?"

काचेवर वाफ धरू नये म्हणून माझ्या चंचीतली तंबाखू काढून ओली करून काचेला आतून चोळायची. मी बोंबललो तर म्हणायची, "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तंबाखू कामाला आली."

पहाटे चुलीवर पहिलं पाणी तापायचं ते रेडिएटरचं. माझ्या आंघोळीचं मागून, उरलं तर. एकदा मी म्हटलं, "मलापण एखादं स्वेटर घे की." तर म्हणाली, "तुमाला बोंबलायला तोंड हाय. तिला हाय का?"

एका सकाळी तर तिनं इंजनाखाली गोवऱ्या पेटवून घमेलं सरकवलं. निम्मी गोधडी पेटली. मी धोतर सावरत ओरडत आलो, "आग लागली, आग!"

"आग न्हाई, ऊब हाय," ती म्हणाली आन् पाण्याची बादली ओतली. वर मलाच विचारती, "पण पहिल्या हँडलला सुरू झाली का न्हाई?"

झाली होती.

सगळ्यात बेजार केलं ते घागरीनं. ब्रेक लागतो का न्हाई ह्याची परीक्षा ती घ्यायची. दवानं ओल्या रस्त्यावर माहेरची पितळी घागर भरून ठेवायची आन् मी जीप पळवत आणून घागरीच्या अलीकडं थांबवायची. बघायला निम्मं गाव. मी म्हटलं, "दगड ठेव की."

"दगडाला तुमी भ्यायचे न्हाईत. माझ्या म्हायेराला भ्याल."

एक वर्षी मी थांबलो न्हाई, म्हणजे जीप थांबली न्हाई. घागरीचं ताट झालं. गाव मला हसलं. ती हसली न्हाई, रडलीपण न्हाई. ते चेपलेलं पितळ उचलून जीपमध्ये माझ्या जागेवर ठेवलं आन् म्हणाली, "हिच्या जागी तुमी असता." ब्रेक दुरुस्त होईस्तोवर चावी तिच्या कमरेला.

आन् एवढं करून कधी "जपून जावा" म्हणाली न्हाई. परत आलो तर पहिला सवाल, "गाडीनं तकलीफ दिली का?" मला आपलं वाटायचं, बाईचा जीव लोखंडात हाय.

आणीबाणी उठली त्या सालच्या हिवाळ्यात ती गेली. तेराव्याला जेवणं झाल्यावर थोरला दत्ता, परभणीला नोकरीला असतो, माझ्याजवळ बसला.

"आण्णा, जीप इकू आन् तुमी आमच्याकडं चला. गिऱ्हाईक बघितलंय, सकाळी येतंय."

"मी मेलो का?"

"तसं न्हाई. पण धुईत कुठं पडलात तर आता बघणारं कोण हाय?"

तोंडात शिवी होती, पण पोरगं खोटं बोलत नव्हतं.

पंगतीला मोईन आला होता, जिंतूरहून येणाऱ्या पहिल्या एस.टी.चा कंडक्टर. तो बाजूला येऊन बसला. म्हणाला, "मामा, मामी तुमाला बोलल्या नसतील. हिवाळ्यात रोज तुमी गेलात की मामी फाट्यावर यायच्या."

"कशाला?"

"आमची गाडी आली की दारातच धरायच्या. 'आमची जीप कुठं भेटली रे मोईन?' मी सांगायचो, पुलाजवळ भेटली मामी, नीट चालली होती. मग म्हणायच्या, जा, सोड गाडी. तोवर ड्रायव्हरला हलू द्यायच्या न्हाईत. एकदा धुईत तुमी दिसलाच न्हाई. मी खोटंच बोललो, भेटली म्हणून. तर इचारलं, 'उजेड पिवळा होता का पांढरा?' मी गडबडलो, म्हटलं पांढरा. 'मग ती आमची न्हवं,' म्हणाल्या. दुसरी एस.टी. येईस्तोवर तिथंच उभ्या. टपरीवाल्यानं चहा दिला तर घेतला न्हाई म्हणं."

मला वाटायचं, ती पाण्याला जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत मी जीप काढली. दत्ता दारात आडवा आला, "आण्णा, लय धुई हाय!" मी म्हटलं, "सरक." फाट्यावर सवाऱ्या भरल्या आन् निघालो. पुलाजवळ समोरून एस.टी. आली. मी रस्त्यात जीप उभी केली. एस.टी.पण थांबली. मोईननं खिडकीतून डोकं काढलं.

"फाट्यावर सांग," मी म्हटलं, "जीप पुलाजवळ भेटली, नीट चालली होती."

"कुणाला सांगू, मामा? आता कोण इचारणार हाय?"

"कुणी न्हाई इचारलं तरी सांग."

मागं सवाऱ्या कुरकुर करायल्या होत्या. मी गियर टाकला.