खोली माझी, खोकला त्याचा

हिरामावशी माणसाला आधी तोलायची आणि मगच त्याच्याशी बोलायची. शिरवणे गावात तिच्या ओटीवर पोती मोजायचा लोखंडी काटा होता, शेती होती तेव्हाचा. शेतं नव्या शहराखाली गेली, काटा तेवढा उरला. मग मावशी त्यावर माणसं चढवू लागली. धाकट्या मुलाच्या लग्नाची बोलणी करायला मुलीचे वडील आले, तर तिने त्यांनाही सोडलं नाही. काटा नव्वदच्या पुढे गेला तशी म्हणाली, "पोरीच्या वाटचा पन तुमीच खाता काय?"

लग्न तरीही झालं. दोन्ही मुलं वाशीला फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि मागची रिकामी खोली मला भाड्याने मिळाली. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याहून येऊन तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागलो होतो. आलो त्या दिवशी छप्पन किलो भरलो. पाच महिन्यांनी मावशीने पुन्हा चढवलं, तर सत्तेचाळीस.

"नऊ किलो कुटं ठेवलास?"

"कामाचं टेन्शन, मावशी."

"टेन्शन खोकत नाय," म्हणाली, आणि दंड धरून मला दवाखान्यात घेऊन गेली.

टीबी निघाला. मावशी लगेच डॉक्टरीणबाईंची उलटतपासणी घेऊ लागली. डॉक्टर तरुण, हौसेने समजावणाऱ्या. म्हणाल्या, "आजाराशी लढताना शरीर आतून झिजतं. लोखंडाला गंज चढतो ना, तसंच काहीसं समजा. म्हणून गोळ्यांबरोबर अंडी, डाळी, फळं, भाज्या, सगळं पोटात जायला हवं."

"गोली तुमी दिली. भाकर कोन देनार?" मावशीने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "बरा. मी देते."

बातमी आळीत पसरली. शेजारचे दोघे-तिघे आले. म्हणाले, याला बाहेर काढा. मावशी ओटीवरून उठलीसुद्धा नाही. "खोली माझी, खोकला त्याचा. तुमचा काय?"

आणि माझ्यावर जेवणाचा मारा सुरू झाला. नाचणीची भाकरी, अंडी, वालाचं बिरडं, सुकट, वर आवळा. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत बसायला सांगितलं होतं, म्हणून आम्ही ओटीवर जेवायचो, ती एका टोकाला, मी दुसऱ्या. मध्ये खोकला आला की तिकडून हुकूम यायचा, "तोंडाला फडका लाव!"

गोळ्या सुरू झाल्यावर लघवी लालसर होईल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं मी घाबरून विसरलो. सकाळी पाहतो तर रंग वेगळाच! धावत जाऊन मावशीला सांगितलं. तिने क्षणभर विचार केला आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "गंज निंगाला! पोराचा गंज निंगाला!" पुढे आठवडाभर नळावरच्या बायका मला बघून पदर तोंडाला लावून हसायच्या.

दोन महिन्यांत अंगात जोर आला आणि मला शहाणपण सुचलं. म्हटलं, आता गोळ्या पुरेत. मावशीने परातीतला हात तसाच पिठात ठेवला. "आ कर." एवढंच. त्यानंतर रोज सकाळी तिच्यासमोर गोळी गिळून, आ करून, जीभ उचलून दाखवून मी कामावर जायचो.

औषध पूर्ण झालं. तपासणीत मी बरा निघालो. मावशीला पेढा दिला. "बरा झाला," म्हणाली आणि आत जाऊन उगाच भांडी आपटत बसली. दुसऱ्या दिवसापासून मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवायला लागलो. म्हटलं, म्हातारीला किती त्रास द्यायचा!

आठवड्याने डॉक्टरांना पेढे द्यायला गेलो. त्या हसून म्हणाल्या, "तुमच्या मावशी परवा येऊन गेल्या."

"का? बऱ्या आहेत ना?"

"अगदी ठणठणीत. विचारत होत्या, एकटा राहणारा, हडकुळा असा दुसरा कोणी पेशंट आहे का." मग त्यांचं हसू ओसरलं. "म्हणाल्या, दोन मानसांचा रांधायची सवय लागली, आता एकटीला घास उतरत नाय."

संध्याकाळी कॅन्टीनकडे न वळता सरळ घरी आलो. मावशी ओटीवर तांदूळ निवडत होती.

"औषध संपला ना तुझा? मंग काय पायजे?"

"भूक लागलीय."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सुपात आणखी दोन मुठी तांदूळ टाकले आणि खाली मान घालून निवडत राहिली.